व्हीपीएनला टाइमआउट येतोय? पासवर्डच्या मागे लागू नका

घरून व्हीपीएनने (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये जायची सुरक्षित वाट) ऑफिसला कनेक्ट करताना टाइमआउट आला की बरेच जण आधी पासवर्ड रीसेट करून घेतात आणि त्यातच अर्धा दिवस जातो. पासवर्ड चुकला असता तर विंडोजने ६९१ एरर दाखवली असती, म्हणजे निदान सर्व्हर बोलला तरी असता. टाइमआउट म्हणजे समोरून उत्तरच आलं नाही, तेव्हा पॅकेट (नेटवरून जाणारा डेटाचा तुकडा) कुठे अडतंय तेवढंच शोधायचं.

सगळ्यात आधी लॅपटॉप वायफायवरून काढून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टाका. लागलं तर घोळ घरच्या राउटरमध्ये किंवा नेटवाल्याकडे आहे. नाही लागलं तर अजून कोणाचं लागतंय का विचारा, कोणाचंच लागत नसेल तर ऑफिसकडे बघायचं.

पिंगला (सर्व्हर चालू आहे का बघायला मारलेली हाक) उत्तर येत नाही म्हणून सर्व्हर बंद समजू नका, बऱ्याच ठिकाणी पिंग मुद्दाम बंद असतं. टेलनेटने (पोर्ट उघडं आहे का बघायची कमांड) पण कळत नाही कारण ते फक्त टीसीपी तपासतं, आणि व्हीपीएनच्या एलटूटीपी प्रकाराला यूडीपी (टीसीपीहून डेटा पाठवायची वेगळी पद्धत) पोर्ट ५०० आणि ४५०० लागतात, ओपनव्हीपीएन हा दुसरा प्रकार बहुतेक वेळा यूडीपी ११९४ वर असतो.

विंडोजवर एलटूटीपीला ८०९ एरर येत असेल आणि सर्व्हर नॅटच्या मागे (म्हणजे राउटरमागच्या खाजगी आयपीवर) असेल तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची यादी) पॉलिसीएजंट सर्व्हिसखाली 'असूम यूडीपी एन्कॅप्सुलेशन कॉन्टेक्स्ट ऑन सेंड रूल' (सगळं सलग, स्पेस न देता, इंग्रजीत) नावाची डीवर्ड व्हॅल्यू बनवा, त्यात २ टाका आणि मशीन रीस्टार्ट करा, रीस्टार्टशिवाय लागू होत नाही.

ओपनव्हीपीएनच्या लॉगमध्ये ६० सेकंदांत टीएलएस (सुरक्षित जोडणीची सुरुवातीची बोलणी) झालं नाही असं दिसलं तर सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टूल) लावा आणि क्लायंटला कनेक्ट करायला सांगा. माझ्या मते हीच खरी तपासणी, बाकी सगळे अंदाज. पॅकेट येताना दिसलं तर सर्व्हरची फायरवॉल, सर्टिफिकेट आणि परतीचा रस्ता बघा. काहीच दिसलं नाही तर ऑफिसच्या राउटरचं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं पॅकेट आतल्या सर्व्हरकडे पाठवायची सेटिंग) आणि पब्लिक आयपी बघा. मी एकदा दोन दिवस फायरवॉल तपासली आणि शेवटी कळलं की लाइन बदलल्यामुळे आयपीच बदललाय, क्लायंट जुन्याच पत्त्यावर जात होते.

आणि ऑफिसच्या राउटरचा वॅन आयपी (नेटवाल्याच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही नेटवाल्याच्या सीजीनॅटमागे (एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटून दिलेला) आहात, तिथे पोर्ट फॉरवर्ड करून काही उपयोग नाही, सरळ स्टॅटिक पब्लिक आयपी मागून घ्या.