बाजरी-नाचणीचा खाऊ करताय? या चुका टाळा

2023 हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष झालं आणि गावोगावच्या बचत गटांतून मला फोन वाढले. तक्रारी मात्र त्याच. "ताई, लाडू कडू लागतोय." "ताई, चकली तेलात विरघळते." सगळ्यांना प्रमाण हवं असतं. पीठ कधी दळलं, असं मी विचारलं की पलीकडे गप्प. खाऊ बहुतेक वेळा कढईत जाण्याआधीच बिघडलेला असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बाजरी एकदम दळून ठेवणं. बाजरीच्या शंभर ग्रॅममध्ये पाचेक ग्रॅम तेल असतं, ज्वारी-नाचणीपेक्षा बरंच जास्त. दाणा अख्खा असेपर्यंत त्याला काही होत नाही. दळला की दाण्यातलंच लायपेज हे विकर ते तेल फोडायला लागतं आणि पीठ कडवट होतं. आमच्या गटाला पहिल्या दिवाळीत चाळीस किलो शंकरपाळ्यांची ऑर्डर होती. गिरणीत गर्दी होईल म्हणून आम्ही पंधरा दिवस आधीच बाजरी दळून डबे भरले. डबा उघडून चिमूटभर पीठ तोंडात टाकलं, तर जिभेवर काही कळलं नाही, पण घशाशी कडू चव रेंगाळली. एकजण म्हणाली, गूळ वाढवू. मी हो म्हटलं, ही माझी चूक. गूळ वाढवला, वेलची वाढवली, आणि चौथ्या दिवशी पाकिटं परत यायला लागली. तूप, गूळ, तेल, तीन दिवसांची बायकांची मजुरी, सगळं गेलं. कडूपणा गुळाने झाकत नाही.

तेव्हापासून मी बाजरी आधी मंद आचेवर खमंग भाजते, पूर्ण गार करते आणि आठवड्यात संपेल एवढीच दळते. चांगली उष्णता लागली की लायपेजचा जोर जातो. माल जास्त असेल तर दाणे उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून काढायचे आणि कडक वाळवायचे. दळण घरी आलं की रोज चिमूटभर जिभेवर ठेवून गिळून बघते.

दुसरी चूक नाचणीच्या मोडांची. दहा-बारा तास भिजवून फडक्यात बांधली की दीड दिवसात मोड येतात, तिथवर सगळ्यांना जमतं. पुढे धीर सुटतो. वरून सुकलेली दिसली की लगेच गिरणीत. आत ओल राहिलेली असते, पिठाच्या गुठळ्या होतात आणि बुरशीचा वास येतो. हे सत्त्व तान्ह्या लेकरांच्या पोटात जातं, इथे घाई मला अजिबात खपत नाही. दाणा दातांखाली कट्‌कन फुटला पाहिजे. मऊ चेपला तर अजून एक दिवस वाळवा. मग हातांनी चोळून मोड पाखडून टाका आणि अगदी हलकं भाजा. करपवलंत तर मोडामुळे तयार झालेली, पेज पातळ आणि पचायला हलकी करणारी विकरं मरतात, मग दोन दिवस मोड कशाला आणले?

चकली विरघळते, कारण ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही. त्यावर निम्मा मैदा घालणारे भेटतात. मग पाकिटावर ज्वारी कशाला लिहिता? मोहन-मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पीठ टाकून उकड काढा, झाकून ठेवा, कोमट असतानाच मळा.

गरम लाडू डब्यात भरू नका. झाकणाला घाम येतो, चार दिवसांत बुरशी.

लाह्यांना कुठलीही ज्वारी चालत नाही. मालदांडी भाकरीला उत्तम, लाह्यांसाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'फुले पंचमी' हा वेगळा वाण दिला आहे. तो नाव घेऊन मागा, आणि फोडायच्या आदल्या रात्री दाण्यांना पाण्याचा हात लावून फडक्यात बांधून ठेवा.