करारात लवादाचं कलम असलं तरी भोपाळ विसरू नका

रामबागेतले आमचे ठेकेदार काका परवा एका सरकारी खात्याकडे अडकलेलं पुलियाचं (छोट्या पुलाचं) बिल घेऊन आले. म्हणाले, "करारात लवादाचं कलम आहे की, घाई कसली?" मध्य प्रदेशात इथेच फसगत होते. राज्य सरकारच्या बांधकाम ठेक्यांचे वाद करारातल्या लवादाकडे नाही, तर १९८३च्या राज्य कायद्यानं भोपाळच्या माध्यस्थम अधिकरणापुढे (अशा वादांसाठीच्या खास न्यायाधिकरणापुढे) जातात. सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये हेच उचलून धरलं. आधी करारात नेमलेल्या अंतिम अधिकाऱ्याकडे लेखी दावा, मग त्याचा निर्णय कळल्यापासून वर्षभरात अर्ज. साहेब सहा महिने गप्पच बसले (बसतातच!), तर ते सहा महिने संपल्यापासून वर्ष मोजायचं. म्हणून दाव्याच्या आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्याच. काकांच्या प्रतीवर नुसती सही होती, तीही कोणाची ते कळेना.