महिना पाच टक्के चालेल का? मंडळीतला नैतिक प्रश्न कसा तपासायचा

पुण्यात घरगुती शास्त्राभ्यासाला, म्हणजे बायबलच्या अभ्यासाला, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कॅथलिक, मेथडिस्ट, ब्रदरन अशी सगळी मंडळी एकाच सतरंजीवर बसलेली सापडतात. वाद उत्तरावर चाललाय असं वाटतं, पण बहुतेक वेळा तो आधी कोणाचं ऐकायचं यावर असतो. म्हणून शास्त्र, परंपरा, बुद्धी आणि अनुभव हे चार आधार चार वेगळ्या रकान्यांत मांडून घ्या. नमुन्यासाठी हा प्रश्न घेऊ: एका कुटुंबाला दवाखान्यासाठी ५० हजार हवेत. मंडळीतलाच एकजण द्यायला तयार आहे, पण महिना ५ टक्क्यांनी.

प्रश्न कागदावर लिहूनच सुरुवात करा. ‘व्याज हे पाप आहे का?’ असं लिहिलंत तर रात्रीचे दहा वाजतील आणि हाती काही लागणार नाही. कोण, कोणाला, कशासाठी, किती दराने, हे सगळं त्या एका वाक्यात यायला हवं.

आता शास्त्र. निम्मा वेळ यालाच द्या. निर्गम २२:२५ आणि लेवीय २५:३५-३७ या दोन्ही ठिकाणी बोलणं गरिबाला दिलेल्या कर्जाबद्दल आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकात (२३:१९-२०) भाऊबंदाकडून व्याज घ्यायला मनाई आहे, परक्याकडून घ्यायला मुभा. यातल्या व्याजासाठीच्या ‘नेशेख’ या हिब्रू शब्दाचं मूळ ‘चावणे’ या धातूत आहे. नहेम्या ५:११ मध्ये परत करायला सांगितलेला ‘शंभरावा भाग’ अनेक अभ्यासक महिन्याचा दर मानतात, म्हणजे आपल्या भाषेत शेकडा एक. लूक ६:३५ तर परतफेडीची आशाही सोडायला सांगतं. मग कोणीतरी हमखास मत्तय २५:२७ काढतो: धनी स्वतःच व्याज मागतो की! तो दाखला, म्हणजे बोधकथा आहे, आज्ञा नव्हे. दाखल्यातल्या प्रत्येक पात्राचं वागणं अनुकरणासाठी नसतं. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. एखादा शब्द अडला तर दोन भाषांतरं शेजारी ठेवा. केडगावात पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर मिळालं तर उत्तमच.

परंपरेत कालक्रम सोडू नका. नायसियाच्या धर्मसभेने ३२५ साली व्याज घेणाऱ्या धर्मसेवकांना पदावरून काढायला सांगितलं, आणि तिथेही तोच शंभरावा भाग येतो. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन सभेने उघड सावकारांना प्रभुभोजन आणि ख्रिस्ती दफन नाकारलं. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनने गरिबाची गरज आणि व्यापाराचं भांडवल यांत फरक केला. १७४५ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदाव्यांनी निव्वळ उसनवारीवरचं व्याज निषिद्धच ठेवलं, पण कर्जाबाहेरच्या कारणांसाठी भरपाई घेता येईल असं मान्य केलं. म्हणजे परंपरा हलली, पण गरिबाच्या बाबतीत फारशी नाही.

इथे कॅथलिक सदस्यांचं म्हणणं नीट ऐका. त्यांच्यासाठी परंपरा म्हणजे केवळ जुनी मतं नव्हेत. शास्त्र आणि परंपरेचा अधिकृत अर्थ लावण्याचं काम पोप आणि बिशपांकडे असतं. पण १९६५ च्या व्हॅटिकन दस्तऐवजानुसार हा अधिकार वचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे. प्रॉटेस्टंटांचं ‘केवळ शास्त्र’ही अनेकदा चुकीचं सांगितलं जातं. शास्त्र हा अंतिम निकष आहे; पण बाकी सगळं फेकून द्या, असा त्याचा अर्थ नाही.

बुद्धीचं काम हिशोबाचं आहे. ५० हजारांवर महिना २,५०० म्हणजे वर्षाला ३० हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. शिवाय महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार सावकारीच्या धंद्याला परवाना लागतो. देणारा आणखी चौघांना असेच पैसे फिरवत असेल तर हे आधी विचारा.

अनुभवासाठी कर्ज घेणाऱ्याला बोलावा, देणाऱ्यालाही. शक्यतो वेगवेगळं, कारण समोरासमोर घेणारा तोंड उघडत नाही. ‘मला प्रार्थनेत शांती वाटली’ हे वाक्य नोंदवा, पण त्यावर निकाल देऊ नका. देणाऱ्यालाही शांतीच वाटत असते.

शेवटी चारही रकाने समोर ठेवा, पण मतं मोजू नका. या चार आधारांच्या चौकडीला मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्लीचं नाव चिकटलं असलं तरी ती मांडणी विसाव्या शतकातल्या मेथडिस्ट धर्मशास्त्रज्ञ अल्बर्ट आउटलरची. चारही पाय सारख्या उंचीचे असं त्यालाही म्हणायचं नव्हतं. सद्सद्विवेकबुद्धी हा पाचवा रकाना नाही. ती आधार पुरवत नाही, आधार तोलून निवाडा करते. आणि ती चुकीची घडलेली असू शकते, म्हणून तर हा खटाटोप.

आपल्या उदाहरणात चारही रकाने एकाच दिशेला झुकतात: या कर्जावर व्याज नको. मग निर्णय आकड्यांत लिहा. बिनव्याजी ५० हजार, दरमहा ५ हजारांचे दहा हप्ते, दोन साक्षीदार, आणि हप्ता चुकला तर प्रार्थनासभेत नाव घ्यायचं नाही.