व्यायाम करताय ते ठीक, पण सावरता कधी? आपल्या खान्देशातल्या माणसासाठी

व्यायाम सोडून दिलेले जेवढे लोक मी जळगावात पाहिले त्यात आळशी फार थोडे, बहुतेकांनी पहिल्या पंधरा दिवसांतच एवढं करून ठेवलं की पुढे शरीरच नाही म्हणालं. माझंही तेच झालं होतं. मेहरूण तलावावर रोज तीन किलोमीटर चालायचो, मग एका आठवड्यात डायरेक्ट आठ किलोमीटर पळायला लागलो, त्यात एप्रिल महिना, लग्नसराई, रात्री बारा-एकला झोपायचं आणि पाचला उठून पळायचं. नडगी अशी दुखायला लागली की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा, सहा आठवडे घरी बसलो. तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगतो, व्यायामात शरीर झिजतं, ते भरून निघतं जेवणात आणि झोपेत, तेव्हा या तिन्हीचा हिशोब एकत्रच धरायचा.

आधी व्यायाम किती ते बघू. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि कमीत कमी दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, झालं. मध्यम म्हणजे चालता चालता सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा दम लागला की बस. ताकदीसाठी जिम लागतेच असं नाही, उठाबशा, जोर (जमिनीवर जमत नसतील तर आधी भिंतीला हात टेकून), पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून बसणं-उठणं, हे घरात होतं. फक्त आज मांड्यांचा व्यायाम केला तर त्याच मांड्यांना साधारण ४८ तास सुट्टी द्या, त्या सुट्टीत हातांचं करा नाहीतर नुसतं चाला. आणि वाढवायचं ते हळूहळू, या आठवड्यात तीस मिनिटं तर पुढच्या आठवड्यात पस्तीस, साठ नाही.

आता आपल्याकडची खरी अडचण, ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि एवढ्या उन्हात नुसतं घराबाहेर पडणं हाच शरीराला व्यायामासारखा ताण असतो, घाम गाळून अंग थंड ठेवायला हृदयाला जास्त पंप करावं लागतं. म्हणून मार्चनंतर जानेवारीचाच वेग धरून बसू नका. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तेवढे दिवस अर्धंच करा, आणि सकाळी सात वाजायच्या आत घरी या. पाणी तहान लागायची वाट न पाहता थोडं थोडं प्या, लघवी गडद पिवळी दिसली तर समजा कमी पडतंय. खूप घाम गेला असेल तर मीठ घातलेलं ताक एकदम बेस्ट. कुणी बरळायला लागला, अंग तापून चटका बसतोय, चालताना तोल जातोय, तर थांबून बघू नका, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि सरळ दवाखाना गाठा.

जेवणाचं म्हणाल तर आपण नशीबवान आहोत आणि हे मी मनापासून सांगतोय. लोक डब्यातली पावडर शोधत फिरतात आणि आपल्या घरी कळण्याची भाकरी असते. ज्वारीत सालासकट उडीद टाकून जाडसर दळलेलं ते पीठ, आई परातीत गरम पाण्याने मळते, थापताना कडेला जरा चीर जाते ती ओल्या बोटाने दाबून घेते, आणि तव्यावर टाकली की उडदाचा तो खरपूस वास सगळ्या घरात. ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसिन (प्रोटीनचाच एक गरजेचा घटक) कमी असतं, ते उडदात भरपूर, त्यामुळे दोन्ही मिळून एकमेकांची कसर भरून काढतात.

हिशोबच करू. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आकड्यांप्रमाणे किलोमागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅमच्या आसपास. दोन कळण्याच्या भाकरी १५, दोन अंडी १२, एक ग्लास दूध ८, मूठभर शेंगदाणे ७, वाटीभर घट्ट वरण ६-७, झाले की नाही! अंडी खात नसाल तर वरण, मटकी, दही वाढवा. चालून आल्यावर एक केळं खा, आपल्या जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय आणि आपणच ती सोडून बिस्किटं खातो याचं मला खरंच वाईट वाटतं.

अडचण आहे ती तेलाची. शेवभाजीवरची तर्री, हिवाळ्यात भरीत पार्टीत वाटीभर तेलात परतलेलं भरीत, लग्नात वरण-बट्टीवर ओतलेलं तूप. यातलं काहीच सोडू नका, पंगतीला बसून नाही म्हणणं मलाही जमत नाही. घरी भाजी करताना तेल चमच्याने मोजून घाला, तर्री बाजूला सारा, आणि पंगतीच्या दुसऱ्या दिवशी उपाशी राहून डबल पळायच्या भानगडीत पडू नका, नेहमीसारखं चाला आणि नेहमीसारखं जेवा.

झोप मात्र सात तास पाहिजेच. उन्हाळ्यात खोलीत गादी तापलेली असते, गच्चीवर झोपायची सोय असेल तर सडा मारून तिथेच झोपा. रात्री उशीर झाला तर सकाळचा व्यायाम सोडा, झोप सोडू नका.

व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं नॉर्मल आहे, हलकं चाललं की मोकळं होतं. पण सांध्यात कळ निघणं, एकाच जागी दाबल्यावर दुखणं, छातीत दाटल्यासारखं होणं, यात चालढकल नको, डॉक्टरांकडे जा. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असेल तर सुरू करायच्या आधीच विचारून घ्या.

आराम कधी घ्यायचा हे कळण्यासाठी मी एक करतो. सकाळी डोळे उघडले की अंथरुणातच मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोजतो. माझी ६४-६६ असते. ज्या दिवशी ७५ च्या वर लागते त्या दिवशी आदल्या रात्रीचं जागरण, ऊन नाहीतर येऊ घातलेला ताप, काहीतरी असतंच. मग मी बूट घालत नाही, दुसऱ्या दिवशी तलावावर कुणी विचारलं, काय भो, काल आला नाही, तर सांगतो, काल सुट्टी होती.