संकष्टी चतुर्थीचा दिवस कसा ठरवावा आणि उपवास कसा सोडावा

संकष्टी प्रत्येक चांद्रमासाच्या कृष्ण पक्षात येते. मात्र सूर्योदयाची तिथी पाहून ती ठरवू नये, कारण चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असणे हीच तिची खरी खूण होय. म्हणूनच दिनदर्शिकेत पुष्कळदा तृतीयेच्या चौकोनात संकष्टी छापलेली दिसते आणि नवखा माणूस गोंधळतो. चतुर्थी दोन्ही दिवशी चंद्रोदयाला असेल तर पहिला दिवस घ्यावा. मंगळवारी आली तर ती अंगारकी.

चंद्रोदयाची वेळ आपल्याच गावची पाहावी. नागपूरचा चंद्र मुंबईच्या साधारण अर्धा तास आधी उगवतो, आणि परदेशातील मराठी घरांत तर तारीखही बदलू शकते.

दिवसा फळे, दूध किंवा साबुदाण्याची खिचडी चालते. साबुदाणा धुऊन, जेमतेम बुडेल इतक्याच पाण्यात चार-पाच तास भिजवावा, म्हणजे दाणा बोटांत सहज चेपतो आणि खिचडीचा गोळा होत नाही. फोडणीला जिरे पुरे, हळद नको. (तुपात हात आखडू नये.)

रात्री गणपतीला दूर्वा, तांबडे फूल व मोदकांचा नैवेद्य अर्पण करून, चंद्राला अर्घ्य देऊन भोजन करावे. आभाळ भरलेले असल्यास पंचांगातील वेळ झाल्यावर पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य द्यावे.