ताडोब्याची तयारी: सहा माणसं, एक जिप्सी आणि केळी घरीच

फुईने, म्हणजे आत्याने, गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी हिशोब मांडला होता, "वाघ दखाले इतला पैसा? बिबट्या तं आपला वावरमाच येस!" वाघ बघायला एवढे पैसे कशाला, बिबट्या तर आपल्या शेतातच येतो, असं तिचं म्हणणं. चाळीसगावकडे उसाला रात्रीचं पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला तिचं बोलणं चुकीचं वाटायचं नाही. तरी ती आली, आणि यंदा जानेवारीत पुन्हा जाऊ म्हणून तीच मागे लागलीय. मी, नवरा, सासूबाई, फुई आणि दोन पोरं. बरोबर सहा. हा आकडा मुद्दाम सांगतेय, कारण जिप्सीत ड्रायव्हर आणि गाइड सोडून पर्यटक सहाच बसतात. सातवं माणूस वाढलं की दुसरी जिप्सी, दुसरा खर्च. दिराने "मी पण येतो" म्हटल्याबरोबर त्याला पुढच्या खेपेचं आश्वासन देऊन टाकलं.

आपल्याकडे तयारी म्हटली की माळ्यावरून बॅग निघते. इथे बॅग सगळ्यात शेवटी. आधी गेट ठरवायचं, मग तारीख, मग सफारी, आणि त्यानंतर रिसॉर्ट. गेल्या वर्षी आम्ही बरोबर उलटं केलं. फोटोत तलाव आणि झोपाळा बघून मोहर्लीकडचं रिसॉर्ट घेतलं, पैसे भरले, आणि बुकिंग करून देणाऱ्या माणसाने सफारी काढून दिली ती कोलारा गेटची. दोन्ही ताडोबाच, असं तो फोनवर म्हणाला. दोन्ही ताडोबाच आहे हे खरं, पण मोहर्ली दक्षिणेकडे, चंद्रपूरच्या बाजूला, आणि कोलारा उत्तरेकडे, चिमूरच्या बाजूला. खाजगी गाडी जंगलातून आरपार जात नाही, बाहेरून वळसा. पहाटे साडेतीनला सासूबाईंना उठवून, अंधारात, थंडीत, दोन तास गाडीत. गेटवर पोहोचलो तेव्हा बाकीच्या जिप्स्या आत गेलेल्या होत्या. भांडण कोणाशी करणार? चूक आमचीही होतीच, नकाशा आम्ही उघडलाच नव्हता.

म्हणून यादीतलं पहिलं काम, नकाशा उघडा. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्यात, जायला मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी, पांगडी, खुटवंडा ही गेटं आहेत. कोअरभोवतीच्या बफरची गेटं वेगळी. मोहर्लीजवळ आगरझरी, देवाडा, जुनोना, कोलाऱ्याकडे मदनापूर, अलीझंझा. कोअरच हवं असा हट्ट नको. वाघाला ती रेषा ठाऊक नसते, आणि बफरमध्येही वाघ चांगले दिसतात. तीन फेऱ्या घेणार असाल तर दोन कोअर, एक बफर असं वाटून घ्या. एकच फेरी करून "वाघ दिसला नाही" म्हणत परत येणाऱ्यांबद्दल मला फार सहानुभूती नाही. बुकिंग वनविभागाच्या संकेतस्थळावरूनच करायचं, स्वतः. शनिवार-रविवारचे दर जास्त असतात, आणि दिवाळी, नाताळ, मे महिन्याच्या जागा फार आधी भरतात. शाळा परवानगी देत असेल तर आठवड्याच्या मधले दिवस घ्या, फक्त मंगळवार सोडून. मंगळवारी सफारी बंद असते. पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद, बफरमधल्या फेऱ्या तेवढ्या चालू राहतात.

जायचं कधी, यावर घरात वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं मे. झाडं उघडी पडतात, पाणी पाणवठ्यांपुरतं उरतं, वाघ पाण्यावर येतो. त्याचं खरं आहे. भुसावळचं पंचेचाळीस अंश अंगावर घेतलेल्या माणसाला चंद्रपूरचं ऊन काही नवीन नाही, असंही तो म्हणतो. पण घरात कूलरपुढे बसून सोसलेलं ऊन वेगळं आणि उघड्या जिप्सीत भर दुपारी सोसलेलं वेगळं. सासूबाईंना घेऊन मी मे महिन्यात जाणार नाही. मधला मार्ग हवा असेल तर मार्च. पळस पेटलेला असतो, मोहाची फुलं पडायला लागतात, गावातली माणसं पहाटेपासून टोपल्या घेऊन ती वेचतात. अस्वलांनाही तीच फुलं आवडतात.

आता कागद. सहाही जणांचं आधार कार्ड, अस्सल, आणि बुकिंगमध्ये टाकलेलं तेच. फुईच्या कार्डावर माहेरचं नाव आणि बुकिंगमध्ये सासरचं, असला घोळ घरीच तपासून घ्या. सफारीच्या पावत्या छापून न्या, मोबाईलवर विसंबू नका. का ते पुढे सांगते. दोन्ही पोरांची कार्डं एकाच पाकिटात, आणि ते पाकीट एकाच माणसाकडे. आमच्याकडे ते माझ्याकडे असतं, कारण बाकी कोणाकडे दिलेलं पाकीट घरी टीव्हीवर सापडलेलं आहे.

प्रवासाचं म्हणाल तर आपलं भुसावळ जंक्शन असण्याचा फायदा इथे होतो. नागपूरकडे जाणारी रात्रीची गाडी धरली की सकाळी तिकडे. कोलारा गेटला जायचं तर नागपूरला उतरून उमरेड, भिसी, चिमूर असं जायचं. मोहर्लीला जायचं असेल तर नागपूरपर्यंत जायची गरज नाही. वर्ध्याला उतरा, हिंगणघाट-वरोऱ्यावरून चंद्रपूर गाठा, तिथून मोहर्ली तीसेक किलोमीटर. स्वतःच्या गाडीने जुन्या सहा नंबर हायवेने जाणारेही बरेच. त्यांना एकच विनंती, जंगलाजवळचा शेवटचा टप्पा उजेडात पार करा. चितळ, रानडुकरं, नीलगायी अंधारात रस्त्यावर येतात. पहिल्या दिवशी पोहोचून त्याच दुपारची सफारी घेऊ नका. गाडी उशिरा आली की सफारी जाते, पैसे जातात आणि नवऱ्याशी बोलणंही जातं.

रिसॉर्टला फोन करून विचारायच्या गोष्टी मी वहीत लिहिल्यात. पहाटे साडेचारला गरम पाणी मिळेल का? हा प्रश्न असाच, वेळेसकट विचारा. "चोवीस तास गरम पाणी" म्हणतात आणि वर सोलर असतं. ढगाळ दिवस गेला की पहाटे नळाला बर्फ. लाईट गेली तर जनरेटर आहे का? सकाळच्या फेरीला नाश्ता डब्यात बांधून देतात का? जिप्सी खोलीपासून नेते की आपण गेटवर जायचं? म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या नसलेली खोली मिळेल का, आणि तिथे कमोड आहे का? तिखटाचं विचारू नका, हो म्हणतात आणि देत नाहीत. आम्ही लसूण-मिरचीचा ठेचा डबीत नेतो. विदर्भातलं जेवण काही मिळमिळीत नसतं, पण रिसॉर्टमधली भाजी सगळ्या गावच्या लोकांना सोसावी म्हणून केलेली असते. शेवभाजीवर वाढलेल्या पोरांनी तिसऱ्या दिवशी ताटाकडे बघून तोंड वाकडं केलं होतं.

खाण्यावरून आठवलं. गाडीसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दशम्या दोन दिवस टिकतात. केळीचे वेफर्स न्या, पण रिसॉर्टपर्यंतच. जिप्सीत कुरकुर करत खाल तर पुढच्या मागच्या गाड्या वळून बघतील, आणि आत काही खायचंही नसतं. केळी मात्र नेऊच नका. रावेरचं माणूस केळीचा फणा घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही हे मान्य, पण रिसॉर्टच्या व्हरांड्यात वानरं असतात आणि त्यांना पिशवीतलं केळं लांबून कळतं. गेल्या वर्षी फुई खिडकी उघडी ठेवून आंघोळीला गेली. बाहेर आली तर खाटेवर वानर बसलेलं, हातात तिसरं केळं. ती म्हणते तिने ओरडून पळवलं. आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू आलं ते ओरडणं वेगळंच होतं.

कपड्यांचा नियम सोपा, मातकट, खाकी, हिरवट. लाल, पांढरं, भडक नको. सासूबाईंच्या कपाटात मातकट रंगाचं एकही लुगडं नव्हतं, शेवटी वरून माझी शाल दिली. जानेवारीत पहाटे उघड्या गाडीत जो वारा लागतो तो हाडात जातो. कानटोपी, हातमोजे, दोन स्वेटर, आणि मांडीवर टाकायला घरातली जुनी सोलापुरी चादर. ऊन वर आलं की तासाभरात सगळं काढायचं, म्हणून एकावर एक पातळ थर बरे. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी सुती पूर्ण बाह्या, गॉगल आणि ओला करता येईल असं उपरणं घ्यावं. धूळ दोन्ही ऋतूंत, तोंडाला बांधायला रुमाल हवाच. अत्तर नको, गजरा नको. बूट बंद. खोलीतून जेवणघरात जायला सुद्धा रात्री चप्पल नको, हातात टॉर्च हवी. जंगलाच्या कडेला राहतोय, साप-विंचू असणारच. मच्छर मारायची वडी आणि अंगाला लावायचं मलम विसरू नका.

बायकांनी आपसात बोलायची आणि पुरुषांनी ऐकून ठेवायची एक गोष्ट. फेरी चार-साडेचार तासांची, आणि मधे ठरलेली जागा सोडून गाडीतून उतरता येत नाही. पहाटेचा चहा अर्धा कपच घ्या. साखरेची किंवा पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी चालू असेल तर वेळ कशी बदलायची ते डॉक्टरांना आधी विचारा. सासूबाईंना मधल्या ओळीत, मधोमध बसवतो. मागच्या बाकावर धक्के फार. कमरेला पट्टा, पाठीमागे छोटी उशी. मणक्याचं दुखणं असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी फेरीचा हट्ट धरू नये. त्यांच्यासाठी आगरझरीचं फुलपाखरू उद्यान आहे, इरई धरणाचं पाणी आहे.

पोरांची तयारी घरीच, आठ दिवस आधीपासून सुरू केली. वाघ दिसेल असं वचन दिलं नाही. त्याऐवजी चितळ आणि सांबर यातला फरक, रानगव्याचे पांढरे मोजे, रानकुत्र्यांची शिट्टी, ताडोबा तलावातली मगर हे दाखवून ठेवलं. चितळ ओरडलं, वानर झाडावरून खोकल्यासारखं ओरडलं की गप्प बसून गाइडकडे बघायचं. गाइड जवळच्या गावांतले असतात, बायकाही आहेत. त्यांना नावाने हाक मारून, दादा-ताई म्हणून विचारलं की ते भरभरून सांगतात. तारू नावाच्या गोंड गावप्रमुखाची, वाघाशी झुंजताना गेलेल्या त्या माणसाची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐका. त्याच्याच नावावरून ताडोबा. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथे जत्रा भरते. फुईने गेल्या वर्षी तिथल्या दिशेने हात जोडले आणि मला म्हणाली, आपल्या वाघदेवासारखंच की.

ज्यांना एवढं लांब झेपत नाही त्यांनी आधी आपल्या सातपुड्यात पालला जाऊन यावं. यावल अभयारण्य १९६९ पासून आपल्याच जळगाव जिल्ह्यात आहे आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांनी ते पाहिलेलं नाही.

राहिला मोबाईल. ताडोब्याच्या कोअरमध्ये तो नेता येत नाही. त्यामुळे तिकीट कागदावर, घड्याळ मनगटावर, फोटोसाठी साधा कॅमेरा, आणि रोख पैसे खिशात. रिसॉर्टमध्ये रेंज येते-जाते, क्यूआर कोड दाखवून उभे राहाल. शेवटचा कागद मी काल रात्री लिहिला. रिसॉर्टचा नंबर, गाडीवाल्याचा नंबर, दिराचा नंबर, सगळ्यांच्या गोळ्यांची नावं. त्याच्या दोन प्रती केल्या. एक पाकिटात ठेवली, एक सासूबाईंच्या बटव्यात, सुपारी आणि अडकित्त्याच्या मधे, कारण त्यांचा बटवा आजवर कधी हरवलेला नाही.