नाणं खोटं आहे का? वर्गमुळाने ताडून पाहा

दहा वेळा नाणं उडवलं, सात वेळा छापा आला, की लगेच नाणं एकाच बाजूला झुकतं असा संशय घेतला जातो. दहा फेकांवरून काहीच ठरत नाही. त्यापेक्षा असं करा:

१. किती वेळा उडवायचं ते आधी ठरवा. निदान १०० वेळा.
२. त्या संख्येचं वर्गमूळ काढा. १०० चं १०.
३. छापे निम्म्यापासून त्याहून जास्त दूर गेले, म्हणजे ४० च्या खाली किंवा ६० च्या वर, तरच संशय घ्या.

१०० मध्ये ५५ छापे चालतात. पण १००० मध्ये ५५० आले तर नाण्यात बहुधा काहीतरी गडबड. तिथे मर्यादा जेमतेम ३२ ची. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत असताना जॉन केरिच या गणितज्ञाने १०,००० वेळा नाणं उडवलं (वेळ भरपूर होता!). छापे आले ५०६७. मर्यादा १०० ची, फरक ६७ चा, नाणं पास.

मनासारखा आकडा येईपर्यंत उडवत राहू नका, नाहीतर कसोटीच बाद. आणि चांगलं नाणंसुद्धा साधारण विसात एकदा ही मर्यादा ओलांडतं, तेव्हा भांडण काढण्याआधी सगळी फेरी पुन्हा एकदा करा.